धुरपदाबाईचे दोन दात

धुरपदाबाईचे समोरचे दोन दात निवडणुकीत गेले. एक एक्क्याण्णव सालच्या, दुसरा पंचाण्णवच्या. दोन्ही मगननं पाडले. मगन म्हणजे तिचा नवरा. मी त्यांची शेजारीण, मध्ये एक विटेची भिंत, त्यामुळं दोन्ही दातांचा आवाज मी ऐकलेला आहे. तसा काही मोठा आवाज होत नाही. हरभरा चावताना मध्येच खडा लागावा, तेवढाच.

एक्क्याण्णवला चूक आपलीच झाली, असं ती म्हणायची. तेव्हा सुरतेच्या नवागामात आम्ही सगळेच नवे. कोणी पारोळ्याकडचं, कोणी साक्रीचं, कोणी शहाद्याचं. खानदेशातून निघायचं, सुरतेला उतरायचं आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, उभं राहायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मगननं कामावर जाताना सांगितलं होतं, अमक्या निशाणीवर शिक्का मार. ती बरं म्हणाली. पण आत पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिली, हातात शिक्का, समोर कागद, आणि मागं कोणीच नाही.

"आक्का," ती मला म्हणाली होती, "लगीन झाल्यापासून मी एकटी अशी कुठं उभीच राहिले नव्हते. संडासच्या लायनीतसुद्धा मागं बाई असते, पुढं बाई असते."

एकटी उभी राहिली म्हणून विचार करायला लागली, आणि विचार करायला लागली तशी निशाणी बदलली. घरी येऊन भाकरी थापता थापता तिनं सांगूनही टाकलं. खोटं बोलायची सवय नव्हती. मगन हात धूत होता. ओल्या हातानंच मारली. दात पिठात पडला. ते पीठ तिनं तेवढंच बाजूला काढलं आणि बाकीच्याच्या भाकरी केल्या, कारण त्याला परत रात्रपाळीला जायचं होतं.

पंचाण्णवला ती शहाणी झाली. मगननं विचारलं, "कोनले दिधं?" ती म्हणाली, "दिधं." कोणाला? दिलं ना. तिसऱ्यांदा विचारल्यावर दुसरा दात गेला.

चूळ भरून ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. लुगड्याला रक्त, डोळ्यांत पाणी नाही. म्हणाली, "सांगितलं तरी मार, न सांगितलं तरी मार. मग न सांगितलेलं बरं, आक्का. निदान मत तरी आपल्याजवळ राहतं."

खरी गंमत अशी की आधीपासून तिचं काही ठरलेलंच नसायचं. लोकांना वाटायचं बाई लपवते. ती लपवत नव्हती. वांगं हातात घेऊन दाबल्याशिवाय घ्यायचं नाही, तसं शिक्का हातात आल्याशिवाय ठरवायचं नाही, ही तिची रीत. आम्ही बायका घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायचो. टेम्पोवाला गठ्ठे टाकून जायचा आणि जिचा गठ्ठा आधी होईल तिला पुढचा. हातात दोन बोटांची छोटी कातर असते, चिमट्यासारखी, दाबली की कापते. ती कातर चालवता चालवता मी विचारायची, "या वेळी कोणाला गं?" तर म्हणायची, "अजून कुठं आत गेलेय."

आता कानबाईचं सांगते, कारण पुढची सगळी हाणामारी तिथून निघाली.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, डोळे काढायचे, चौरंगावर बसवायची आणि सोमवारी उठवून पाण्यात सोडायची. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू घ्यायचे. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. आणि तो रोट फक्त भाऊकीनं खायचा, बाहेरच्याला घास द्यायचा नाही. ज्यानं खाल्ला तो भाऊ झाला.

गावाला जायला सुटी कोणाला मिळणार? शिवाय रोटाचं दळण जात्यावरच व्हावं लागतं, आणि आख्ख्या गल्लीत जातं एकच, धुरपदाबाईनं सासू वारल्यावर पारोळ्याहून ट्रकच्या टपावर आणलेलं. म्हणून सगळी गल्ली तिच्याच सुपात मुठी टाकायला लागली. पाटील, कोळी, माळी, शिंपी, सगळ्यांच्या मुठी एका जात्यात. गावी हे झालं असतं तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. सुरतेत कोणी काही बोललं नाही. बारा तास लूमच्या आवाजात उभा राहिलेल्या माणसाला कोणीही भाऊ चालतो.

नव्व्याण्णव साली लोकसभेची निवडणूक ऐन श्रावणात आली.

गल्लीत दोन पक्षांची दोन माणसं होती. एकाचा लखन. तो इच्छापोरच्या कारखान्यांना माणसं पुरवायचा. सकाळी त्याचा टेम्पो नाक्यावर उभा राहायचा आणि तो बोट दाखवेल तो चढायचा. ज्याला बोट नाही, त्याच्या चुलीला जाळ नाही. दुसऱ्याचा विठ्ठल. त्याची केबलची लाइन होती. कोणाच्या घरी चित्र दिसेल आणि कोणाच्या घरी नुसत्या मुंग्या, हे तो ठरवायचा. दोघंही आपलेच, खानदेशातले. परक्यानं मारलं तर माणूस निदान आईच्या भाषेत ओरडतो. इथं मारणाराही आईच्याच भाषेत शिव्या द्यायचा.

पहिलं रक्त नळावर सांडलं. विठ्ठलच्या एका माणसानं नळाच्या भिंतीवर कागद चिकटवला. लखनच्या माणसानं मागून येऊन लोखंडी पाना घातला डोक्यात. माणूस बसला, मग आडवा झाला, आणि नळाखालची मोरी लाल झाली. त्याला हातगाडीवर घालून नेलं. पाणी अर्धाच तास यायचं, तेव्हा आम्ही फरशी धुतली आणि हंडे लावले. कोणाला हे वाचून कसंतरी वाटेल. पाणी गेलं असतं तर आम्हाला त्याहून कसंतरी वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलच्या लोकांनी लखनचा टेम्पो जाळला, तिसऱ्या दिवशी लखनच्या लोकांनी केबलचा खांब पाडला आणि खांबावर चढलेल्या माणसाचा पाय मोडला. असं चाललं होतं. पण लखनचा खरा राग विठ्ठलवर नव्हता. तो मगनच्या ओट्यावर चहा पीत म्हणाला ते मी या कानांनी ऐकलं.

"विठ्ठलची माणसं मला चालतात, मगनभाऊ. ती कुठं बसतात, कुठं मुततात, मला ठाऊक आहे. हे 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे आहेत ना, त्यांचं डोकं फोडून आत बघावंसं वाटतं."

मगननं मान हलवली. बायकोचं डोकं त्यानं दोनदा फोडून पाहिलं होतं, आत काही सापडलं नव्हतं.

मगनला लखनकडून एक गोष्ट हवी होती. दहा वर्षं लूमवर राहून त्याचे कान गेले होते, खात्यातला शेठ आता त्याला काढायच्या बेतात होता. लखन म्हणाला, इच्छापोरला मुकादम करतो, गल्ली माझ्या पदरात टाक. मगननं गल्ली देऊन टाकली. जशी काही त्याच्या खिशात होती.

शनिवारी बायका सुपात मुठी टाकत होत्या, तेव्हा लखन दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, किती मुठी झाल्या?"

"सदुसष्ट," धुरपदाबाई म्हणाली.

त्यानं सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. "सदुसष्ट गडी. बायका धरून एकशे चौतीस. झालं काम."

तो गेल्यावर ती माझ्याकडं पाहून पदरात हसली. त्या सदुसष्टात एकवीस तर लंगोटातली आणि शाळेतली पोरं होती. दहा जणांची नावं अजून गावच्याच यादीत होती. एक होता तुरुंगात. मी म्हणाले, "सांगायचं ना त्याला." ती म्हणाली, "त्यानं मुठी विचारल्या. मतं कुठं विचारली?"

तेव्हा हसलो. पुढं हे हसू महागात पडलं.

सोमवारी सकाळी कानबाई उठवायची वेळ झाली. खाडीकडं जायला सगळी गल्ली दारात जमलेली. तेवढ्यात लखन आला, बरोबर सहा जण, प्रत्येकाच्या हातात लूमचा लोखंडी दांडा. मगनला म्हणाला, "कानबाईसमोर शपथ होऊन जाऊ दे. एकेकानं यायचं, रोटाचा तुकडा हातात धरायचा, निशाणीचं नाव घ्यायचं आणि खायचं."

पुरुष एकेक करून पुढं आले. कोणी मोठ्यानं बोललं, कोणी ओठातल्या ओठात. दांडा समोर असला की देवापुढंही माणूस दांड्याकडंच बघतो. मग लोटूचा नंबर आला.

लोटू एकटा राहायचा. लूमवरचं बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा मोठा रूळ, संपलं की नव्या बीमचे तार जुन्याला एकेक करून सांधायचे, हे त्याचं काम. हजारो तार, केसासारखे. सगळी कमाई डोळ्यांची. अंगानं किडकिडीत, भांडणाच्या वाऱ्याला उभा न राहणारा. त्यानं रोट हातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

"बोल," लखन म्हणाला.

"मन्हं आजून ठरेल नही, लखनभाऊ."

"काय?"

"ठरलं नाही अजून. रोट हातात धरून खोटं कसं बोलू? ठरलं की तुमच्या घरी येऊन सांगतो."

तो आडमुठेपणा करत नव्हता. खरंच ठरलं नव्हतं, आणि खरंच सांगायला गेला असता. लखनला वाटलं, चारचौघांत थट्टा करतोय. पहिला दांडा खांद्यावर बसला. रोट हातातून पडला, तो उचलायला लोटू वाकला, तर दुसरा दांडा तोंडावर आला. डाव्या डोळ्यावर. तो डोळ्यावर हात दाबून खाली बसला आणि बोटांच्या फटीतून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. ते रांगोळीवर पडलं. तिसरा दांडा वर गेला होता.

धुरपदाबाई रोटाची थाळी घेऊन मध्ये आली. दांड्याच्या खाली उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "लखनभाऊ, तुम्ही पण खा. शपथ देणाऱ्यानं उपाशी राहू नये."

सगळी गल्ली बघत होती. नाही म्हणावं तर देवीचा नैवेद्य. लखननं दांडा काखेत मारला, तुकडा तोडला, तोंडात टाकला.

"गिळा," ती म्हणाली.

त्यानं गिळला.

"झालं. आता तुम्ही आमच्या भाऊकीतले. रोट पोटात असताना भाऊकीवर हात उचलला तर कानबाई त्या माणसाचा वंश बुडवते. सव्वा महिना पाळायचं."

असा काही नियम नव्हता. रोटाचा मान आहे, भाऊकीचा मान आहे, पण सव्वा महिना तिनं उभ्या-उभ्या केला. मुठी सव्वा, म्हणून जिभेवर सव्वाच आलं. पुढं ती कितीदा तरी म्हणायची, "आक्का, वर्ष म्हणाले असते तर काय जीभ झडली असती?"

लखनला चार पोरींवर एक पोरगा होता. त्याच्या गळ्यात इतके ताईत की मान वाकायची. लखनचा चेहरा पिठासारखा झाला. दांडा त्यानं साथीदाराकडं दिला. साथीदारानं विचारलं, "आणि बायकांची शपथ?"

लखनला काहीतरी बोलून आब राखायचा होता. तो हसला. "बायकांची मूठ असते का रोटात? नवरा जिकडं, बायको तिकडं."

म्हणून आमची शपथ झाली नाही. लोटूला आम्ही दवाखान्यात नेलं. डोळा काढावा लागला. कानबाई त्या दिवशी दुपारी उशिरा पाण्यात गेली, तिच्या चौरंगाला लोटूचं रक्त होतं, ते कोणी पुसलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेकडं जायचा रस्ता रेल्वेच्या फाटकावरून होता. फाटकात विठ्ठलची पोरं उभी, हातात सायकलच्या साखळ्या. त्यांचा हिशेब सरळ. ही लखनची गल्ली, हिच्यातला कोणी शाळेत पोचायचा नाही. आम्ही चाळीस बायका होतो. पोरं म्हणाली, मागं फिरा. धुरपदाबाई म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक मी कोणाला देणार आहे? मलाच नाही ठाऊक."

एकानं तिच्या कानातली बुगडी धरून ओढली. कानाची पाळी फाटून बुगडी त्याच्या हातात गेली. मग सोड्याच्या बाटल्या आल्या. एक माझ्या कपाळावर फुटली. डोळ्यांत रक्त उतरलं की समोरचं सगळं कुंकवासारखं दिसतं. कोणीतरी माझा हात धरला आणि आम्ही फुटक्या काचांवरून, रुळांवरून, चपला सोडून पळालो. पुढं पोलिस होते. त्यांना वाटलं विठ्ठलचा जमाव चालून आला, त्यांनी काठ्या चालवल्या. म्हणजे विठ्ठलनं मारलं ते लखनच्या समजून, पोलिसांनी मारलं ते विठ्ठलच्या समजून. आमच्या स्वतःच्या म्हणून आम्हाला कोणीच मारलं नाही.

शाळेत बोटाला शाई लावणारा साहेब गुजराती होता, तरुण. धुरपदाबाईनं बोट पुढं केलं तर ते रक्तानं माखलेलं.

"बेन, आमां शाही क्यां लगाडुं?" यात शाई कुठं लावू, असं तो विचारत होता.

तिनं बोट लुगड्याला पुसलं, पुन्हा पुढं केलं. मग आत गेली. बराच वेळ लागला तिला. बाहेरचा पोलिस ओरडला तरी ती आली नाही. बाहेर पडली तेव्हा लखनचा माणूस दारातच होता. "वहिनी, बरोबर झालं ना?"

तिनं तोंड उघडून दातांची खिंडी दाखवली. "भाऊ, दोन दात या प्रश्नात गेलेत. आता खायला काहीतरी राहू दे."

मतमोजणी महिनाभरानं झाली. कोणत्या पेटीत कोणाला किती, हे पक्षांची माणसं तिथं बसून लिहून घेतात. आमच्या शाळेच्या पेटीत लखनच्या उमेदवाराला आमच्या गल्लीतून चौतीसच्या आसपास पडली असावीत, असा लखनचा अंदाज निघाला. म्हणजे शपथ घेतलेल्या पुरुषांनी शपथ पाळली होती. सदुसष्टातून पोरंसोरं, गावचे, तुरुंगातला आणि लोटू काढा, तेवढीच राहतात. पण लखनच्या पाकिटावर एकशे चौतीस लिहिलेलं होतं. आणि एक अपक्ष उभा होता, सायकलवरून एकदा येऊन गेलेला, जो धुरपदाबाईच्या दारात पाणी मागून प्याला आणि मत मागायचं विसरून गेला, त्याला त्या पेटीत कुठूनशी एकोणतीस मतं पडली होती. लखनचा उमेदवार पडला. एकोणतीस मतांनी काही पडला नाही, हजारोंनी पडला, पण हजारोंना मारायला जाता येत नाही. मगनचं घर जवळ होतं.

दुपारची वेळ. दिवाळीचा माल आलेला, सगळ्या ओट्यांवर साड्यांचे ढीग, बायका धागे कापत बसलेल्या. लखन चार जणांना घेऊन आला. धुरपदाबाई उभी राहिली.

"भाऊकी आहात तुम्ही," ती म्हणाली.

"होतो," लखन म्हणाला. "तुमचा सव्वा महिना गेल्या गुरुवारी संपला, वहिनी. मी दिवस मोजलेत."

त्यांनी मगनला आतून ओढून आणलं. दोघं त्याच्या पाठीवर बसले. एकानं त्याचा उजवा हात दाराच्या दगडी पायरीवर धरला. मगनला ऐकू कमी येत होतं, तो सारखा विचारत होता, "काय म्हणतात? काय म्हणतात?" लखननं त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, म्हणून आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं. "गल्ली देतो म्हणालास. मला वेड्यात काढलंस."

"मी नाही. गड्यांनी दिलं. बायकांचं मला ठाऊक नाही."

"मग बायकोलाच विचारू." लखन सरळ झाला. दांडा हातात तोलला. "वहिनी, एकच गोष्ट सांगा. तुम्ही कोणाला दिलं? कानबाईचं नाव घेऊन खरं सांगा. सांगितलंत तर हात सोडतो याचा."

ज्या हातानं तिचे दोन दात पाडले, तोच हात पायरीवर होता. त्याच हातानं घर चालत होतं. मला वाटत होतं, सांग बाई, काय असेल ते सांग, मत तर पेटीत जाऊन महिना झाला, आता त्याचं काय राहिलंय? तिनं तोंड उघडलंसुद्धा. खिंडीतून जीभ दिसली.

मगनचा गाल जमिनीला टेकलेला होता. त्यानं ओठ हलवले, मातीनं भरलेले. "सांगू नको वं, धुरपदा."

तिनं तोंड मिटलं.

पहिल्या दांड्यानं मनगट गेलं. दुसऱ्यानं बोटं. ओलं सरपण गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. मगन अशा आवाजात ओरडला की तो त्याला स्वतःलाही ऐकू गेला असेल. तिसऱ्यांदा दांडा वर गेला, पण खाली आला नाही.

पहिली कोण उठली ते मला ठाऊक नाही. ओट्यावरून साड्या घसरत होत्या, एवढं आठवतं. प्रत्येकीच्या हातात ती दोन बोटांची कातर होती, दिवसभर धागे कापून गरम झालेली. ती सुरी नाही, खोल जात नाही. पण चाळीस जणी असल्या की खोल जायची गरज पडत नाही. लखनच्या पाठीत, मांड्यांत, दंडात, गालाला. त्याची माणसं मगनला सोडून पळाली. तो पळू शकला नाही, नव्या साड्यांमध्ये पाय अडकून पडला, तसा आणखी लागला. हाताला गरम लागत होतं आणि बायका एक शब्द बोलत नव्हत्या. साड्या कापताना निदान गप्पा तरी मारतो आम्ही. शेवटी धुरपदाबाईच म्हणाली, "पुरे. त्याला चार पोरी आहेत." तेव्हा हात थांबले. त्याला एकवीस टाके पडले असं ऐकलं. गल्लीत तो परत राहायला आला नाही.

पोलिस आले. जमादारानं प्रत्येकीला विचारलं, "कोणी मारलं?"

"माहीत नाही, साहेब."

"तू इथंच होतीस ना?"

"दिवाळीचा माल आहे. डोकं वर काढायला फुरसत नव्हती."

"मग या साड्यांवर रक्त कुठलं?"

"डिझाइन असेल."

चाळीस जणींना विचारून तो घामाघूम झाला. मत कोणाला दिलं आणि कातर कोणी मारली, या दोन्ही गोष्टी आमच्या गल्लीत गुप्त राहिल्या, त्या आजपर्यंत. टेम्पोवाल्यानं मात्र खराब झालेल्या साड्यांवरून महिनाभर डोकं खाल्लं.

मगनचा हात जुळला, पण बोटं जुळली नाहीत. ती वाळलेल्या शेंगांसारखी आत वळली. लूम सुटलं, मुकादमकी तर झालीच नव्हती. तो घरी बसून डाव्या हातानं साड्यांच्या घड्या घालायला शिकला. पुढं धुरपदाबाईच्या अंगावर कधी हात पडल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला नाही. सुधारला म्हणावं तर उजवा हातच राहिला नव्हता, त्यामुळं मी त्याला फार श्रेय देत नाही. पण एकदा मी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं होतं, "मगनभाऊ, त्या दिवशी सांगू नको का म्हणालात?"

तो घडी घालता घालता थांबला. "माझ्या हातानं दुसरा दात गेला तरी मला नाही सांगितलं तिनं," तो म्हणाला. "लखनला एका हातात सांगून टाकायचं?"

लोटू एका डोळ्यानं अजून तार सांधतो, पण हळू. त्याला कोणी विचारलं, या वेळी कोणाला, तर मोकळ्या मनानं सांगतो, ठरलं नाही.

पुढच्या वर्षी महापालिकेची निवडणूक आली. मी त्या दोघांच्या मागं रांगेत होते. साहेबानं मगनचा वळलेला हात पाहिला आणि विचारलं, आत बरोबर कोणाला न्यायचंय का, शिक्का मारायला? चालतं तसं. मगननं धुरपदाबाईकडं बघितलं. मग म्हणाला, "नही साहेब. ती बाहेर उभी राहील."

तो आत गेला. बराच वेळ लागला. एकदा शिक्का खाली पडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा कपाळावर घाम आणि सदऱ्याला जांभळी शाई.

फाटकाशी आलो तर गाडी यायची होती, दांडी खाली पडलेली. तिघं उभे राहिलो. मगन दोनदा खाकरला. त्याला वाटत होतं, आता ही विचारेल. ती रुळांकडं बघत उभी. शेवटी त्यालाच राहवेना.

"विचार की," तो म्हणाला.

"कशाला?" धुरपदाबाई म्हणाली. "तुमचे दात आहेत ते राहू द्या."